गच्चीचा चुना आणि माझी पाठ : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

सिडकोतलं आमचं रो-हाऊस, वरची खोली. नाशिकच्या रात्री उन्हाळ्यातही गार असतात अशी ख्याती आहे, ती आमच्या वरच्या खोलीपर्यंत पोचलेली नाही. रात्री साडेअकराला पंखा पाचवर असतो आणि छतातून धग उतरत असते. कंपनीत मी मेंटेनन्सला, लॉगबुक लिहायची खोड तिथलीच. तिथून टेम्परेचर गन दोन दिवसांसाठी मागून आणली. दुपारी तीन वाजता गच्चीचा कोबा ५९ अंश, खोलीतून छत ४१.

उपाय : गच्चीला चुना. तयार पेंटच्या डब्याचा भाव विचारला आणि दुकानातून पाणी पिऊन परत आलो. ६०० चौरस फूट, चुन्याचे दोन हात, मजूर मीच.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी. पंचवटीतून २० किलो चुनकळी, दोन कुंचे, चुन्यात मिसळायला फेविकॉल. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी आणि मग थोडी थोडी कळी, हा क्रम चुकवायचा नाही. कळीवर पाणी ओतलं तर ती उसळून तोंडावर येते. दहा मिनिटांत पिंप रटरटायला लागलं. आई जिन्यातून बघत म्हणाली, "भात शिजतोय जसा."

डोळ्यांना गॉगल, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, पायात गमबूट. ओला चुना कातडी खातो. डोळ्यात उडाला तर क्षणाचाही विचार न करता नळाखाली डोळा धरायचा, पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. बादलीभर स्वच्छ पाणी शेजारी ठेवलं होतं. काळजी घेण्यात कसूर नाही, असं आज लिहून ठेवतो. सगळी काळजी चुन्याची होती, हे उद्या कळणार होतं.

१९ एप्रिल, शनिवार

ठरलं होतं : सकाळी सहाला सुरुवात, नऊला खाली. झालं असं की चुना गोणपाटातून गाळायलाच दीड तास गेला. मग गच्ची झाडली, धुतली, शेवाळ खरवडलं. कुंचा हातात घेतला तेव्हा सव्वादहा. आता काय, अर्धवट टाकून थोडंच उतरायचं? संपवूनच उतरलो. घड्याळात २.१०.

अंगात जुनं, धुवून धुवून जाळी झालेलं सँडो बनियन. डोक्यावर टोपी. सनस्क्रीन? ते लग्नाला जाताना बायका लावतात, अशी माझी आजपर्यंतची समजूत. वारा छान होता, त्यामुळे तापल्यासारखं अजिबात वाटलं नाही. घोटाळा तिथेच झाला. भाजणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा चटकाही लागत नाही. वाऱ्यानं घाम सुकतो, किरण थांबत नाहीत. घामानं ओलं झालेलं पांढरं सुती कापड तर कोरड्या कापडापेक्षाही जास्त किरण आत सोडतं.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. आपण बारा वाजले की माध्यान्ह धरतो. पण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, ७३.८ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या पुढे, या दिवसांत साधारण १२.३५ ला. मी 'सकाळचं' म्हणून जे काम करत होतो ते भर माध्यान्हीचं होतं. पाण्याला थांबलो तेव्हा पायाशी स्वतःची सावली बघितली होती. वीतभर. बघितली आणि सोडून दिली.

संध्याकाळी सहा : मान आणि खांदे गरम. थकवा असेल.

रात्री नऊ : बनियन काढताना तोंडातून "आई गं" निघालं. आई खरंच आली.

१९ एप्रिल, रात्री १०.३०

पहिला संशय चुन्यावर. पण हिने आरशात पाठ दाखवली आणि नकाशा वेगळाच निघाला. लाली-काळपटपणा बनियनच्या कडेपर्यंत, पट्ट्यांखालची कातडी जशीच्या तशी. चुन्याचे थेंब असे शिस्तीत उडत नाहीत. शिवाय चुना लागल्याजागी लवकर चुरचुरतो, धुतला नाही तर व्रण करतो, आणि चुना खरोखर उडाला होता त्या नडगीवर काहीच नव्हतं. उन्हाचं भाजणं तीन ते सहा तासांनी वर येतं. दुपारी दोनला उतरलो, सहाला मान तापली. हिशोब जुळतो.

एक गोष्ट मात्र चुन्याकडेच बोट दाखवते. हनुवटीच्या खाली आणि दंडांच्या आतल्या बाजूला पण आग होते आहे. तिथे ऊन वरून पोचतच नाही. पांढऱ्या, वाळत चाललेल्या गच्चीवरून परतून आलेलं ते ऊन. ताज्या बर्फावरून म्हणे ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परततात. बर्फात फिरणाऱ्यांची हनुवटी भाजते ती अशी. सिडकोत बर्फ नसला तरी मी हौसेनं तयार केला.

आता भाषेची भानगड. आई म्हणते, "तुला ऊन लागलंय, कांदा ठेव खिशात आणि पन्हं पी." ऊन लागणं वेगळं, उन्हानं भाजणं वेगळं, रापणं वेगळं. ऊन लागतं तेव्हा सगळं शरीर तापतं, चक्कर, मळमळ, डोकेदुखी. ते वाढलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला आणि ताप १०४ कडे गेला की उष्माघात, तिथे घरगुती काही नाही, अंगावर पाणी मारत थेट इस्पितळ. भाजणं हे कातडीचं. दोन्ही एकाच दुपारी होऊ शकतात, म्हणून पन्हं मी प्यायलो. कांदा कोशिंबिरीत गेला.

आणि आपण गव्हाळ-सावळी माणसं, आपण रापतो पण भाजत नाही, हा समज आज माझ्या पाठीवर खोटा ठरला. आपल्या रंगावर लाली नीट दिसत नाही एवढंच. कातडी गडद होते, ताणल्यासारखी होते, हाताला गरम लागते. टेम्परेचर गन लावली : पाठ ३७.८, पोट ३३.९. (ही गन बेअरिंगसाठी आहे, माणसांसाठी नाही. फरक तेवढा खरा धरावा.)

२० एप्रिल, रविवार, पहाट

३.४० ला जाग. पालथा झोपलो होतो, झोपेत कूस बदलली. पाठ आग आग. थंड पाण्याचा शॉवर घ्यावा म्हणून नळ सोडला तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी अजून कोमट! दुपारी तर त्या पाण्यात चहा होईल. भाजलेल्या माणसाला 'गार पाण्यानं आंघोळ करा' सांगणाऱ्यानं आमची टाकी बघितलेली नाही.

मग माठ आठवला. माठातलं पाणी गार असतं पण गारठलेलं नसतं, नेमकं तेवढंच हवं. आईच्या जुन्या मलमलच्या लुगड्याचा तुकडा भिजवून, पिळून पाठीवर पसरला. दहा-पंधरा मिनिटं, कापड तापलं की पुन्हा भिजवायचं. पहिल्या घडीला अंगावर काटा आला, तिसऱ्या घडीला डोळा लागला.

२० एप्रिल, दिवसभर

सकाळी सात. घरात उपचारांची सभा भरली. आईचा आग्रह साजूक तुपाचा. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन हजर. हिचं मत बर्फ. कुणीतरी जिन्यातूनच "लिंबू चोळा" ओरडलं. मी भाचीला फोन लावला, ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं एकेकाची विकेट काढली.

तूप, लोणी, व्हॅसलिन : पहिल्या दिवसांत नको, तेलकट थराखाली धग कोंडते. टूथपेस्ट : पुदिन्याचा गारवा दोन मिनिटं, मग जळजळ आणि सुकून ताणलेली कातडी. बर्फ : भाजलेली कातडी थेट बर्फानं आणखी दुखावते. लिंबू : यावर तिचा आवाज चढला. "मामा, लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर डाग पडतील, फोड येतील. लिंबाच्या सालीत असे पदार्थ असतात की ते कातडीवर ऊन पडलं की भाजतात." बधिर करणारी मलमं पण नकोत, त्यांनीच काहींना पुरळ उठतं. हळद आणि दही कुणी सुचवायच्या आत तिनं सांगून टाकलं की जिथे फोड येण्याची शक्यता आहे तिथे स्वयंपाकघर न्यायचं नाही. ताक पोटात, पाठीवर नाही.

मग तिनं विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

बीपीची एक. पाकीट वाचून दाखवलं : टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड. फोनवर क्षणभर शांतता. दुसरं जे लांब नाव आहे ते लघवी वाढवणारं औषध, आणि त्यानं काही लोकांची कातडी उन्हाला हळवी होते. अशी औषधं आणखीही आहेत. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक त्यातलंच. गेली तीन वर्षं मी ही गोळी घेतो आणि पाकिटातला तो कांदापातीसारखा घडी घातलेला कागद एकदाही उलगडलेला नाही.

दुसरी गोष्ट तिनं अधिक महत्त्वाची सांगितली. कपाटात आयबुप्रोफेन होती, मी घेणारच होतो. उन्हाच्या भाजण्यावर ती चांगली चालते, कारण कातडीत सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात त्यांनाच ती अडवते. पण माझ्या बीपीच्या गोळीतली दोन औषधं, वर आयबुप्रोफेन आणि वर शरीरात पाणी कमी, या चौघांची गाठ पडली तर मूत्रपिंडावर येतं. म्हणून मला पॅरासिटामॉल, ६५० ची एक, पुढची लागलीच तर किमान सहा तासांनी. पोटात अल्सर असलेल्यांनी, गर्भवतींनीही आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घ्यायची नाही. बीपीची गोळी मनानं बंद करायची नाही, हे तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दिवसाचं लॉग :

८.०० महापालिकेचं पाणी आलं तसं दोन बादल्या भरून मोरीत सावलीला ठेवल्या. टाकीवर अवलंबून राहायचं नाही.

८.३० बादलीच्या पाण्यानं अंघोळ, साबण फक्त जिथे भाजलं नाही तिथे. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. आणि कातडी किंचित ओली असतानाच वर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, म्हणजे ती ओल आत राहते.

९.०० कोरफड. बाल्कनीतल्या कुंडीतलं जाड पान कापून पेल्यात उभं ठेवलं. बुडातून पिवळा चीक निथळतो, तो कातडीला खाजवतो, म्हणून पंधरा मिनिटं गळू द्यायचा. मग काटे कापून, साल काढून फक्त पारदर्शक गर. आधी मनगटाच्या आत चिमूटभर लावून अर्धा तास थांबलो. कोरफडीनं भाजणं लवकर बरं होतं असा दावा मी करणार नाही. गार वाटतं, ओल धरून ठेवते, आणि घरातल्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. तिन्ही गोष्टी मोलाच्या. कोरफड नसती तर कॅलामाइन लोशन चाललं असतं.

दुपारी १.०० ताप १००.४. भाचीनं सांगून ठेवलं होतं की थोडी कणकण येते. १०३ च्या वर गेला, उलट्या, असह्य डोकेदुखी, भ्रमिष्टासारखं बोलणं, किंवा पाठभर फोड, यातलं काही झालं तर कोरफड टाकून दवाखाना. वर्षाच्या आतलं मूल भाजलं तर यातलं कशाचीच वाट बघायची नाही.

प्यायचं : पाणी, ताक, पन्हं. भाजलेल्या कातडीकडे शरीरातलं पाणी ओढलं जातं आणि बाकीचं कोरडं पडतं. मीठ बीपीमुळे बेतानं. लघवीचा रंग फिका होईपर्यंत पीत राहायचं, ही माझी गेज.

रात्री ८.०० आग काल रात्रीपेक्षा जास्त. घाबरलो. पण हे असंच असतं. मशीन बंद केल्यावरही बेअरिंगचं तापमान काही वेळ चढत राहतं, तसं हे बारा ते चोवीस तासांनी शिखरावर जातं. मी मोजलं तर काल दुपारपासून तीस तास झाले होते, म्हणजे आता उतरायला हवं.

२१ एप्रिल, सोमवार

उतरलं. रजा टाकली. साहेबांना कारण 'उन्हानं भाजलो' सांगितलं तर ते हसले, मग 'कुठे, गोव्याला?' असं विचारलं.

उजव्या खांद्यावर तीन फोड, सर्वात मोठा करंगळीच्या नखाएवढा. मेंटेनन्सच्या माणसाला फुगलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात. पण फोडाची कातडी हीच सगळ्यात स्वच्छ पट्टी. फोडली की जंतूंना दार उघडं. वर सैल, न चिकटणारा गॉज ठेवला. आपोआप फुटला तर पाण्यानं हळू धुवायचा, साल ओढून काढायची नाही. पू, वाढती लाली किंवा नव्यानं ताप आला तर डॉक्टर.

कपड्यांचा प्रश्न गहन. शर्टाची शिवण खांद्यावर येते. दिवसभर बाबांचं जुनं धोतर पंचासारखं पांघरून बसलो. आई म्हणाली, "आता फक्त कमंडलू घे." कुंभमेळ्याला वेळ आहे म्हटलं.

२२ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. फोड बघितले, फार काही केलं नाही, आणि मला तेच आवडलं. बीपीची गोळी तूर्त तीच, बदलायची का ते पुढच्या तपासणीत. तोवर उन्हात अंग झाकायचं. निघताना मी विचारलं की एखादं स्टेरॉइडचं मलम लावू का, दुकानात मागितलं की मिळतं. त्यांनी मान वर न करता "नाही" म्हटलं.

गच्चीवर गेलो, पाच मिनिटं, छत्री घेऊन. पहिल्या हाताची पाहणी : वाईट. तळहात फिरवला की पांढरा भुगा हाताला येतो. एका मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "भर उन्हात मारला ना? चुना धरणार कसा, त्याला ओल लागते." चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, आणि ते व्हायला त्याला काही दिवस दमटपणा हवा. माझा दोन तासांत वाळून गेला होता.

२४ एप्रिल, गुरुवार

आग संपली, खाज सुरू. ही जास्त छळते. खाजवायचं नाही, गार घडी ठेवायची, मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा. संध्याकाळी मानेवरून पहिली साल सुटली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, अर्धपारदर्शक. धाकट्या मुलाला ती ओढायची भयंकर हौस. त्याला आणि मला दोघांनाही हिनं दम भरला. सुटलेला तुकडा कात्रीनं कापायचा, चिकटलेला ओढायचा नाही; खालची नवी कातडी अजून तयार नसते. उटणं, घासणी, पुसणी सगळं बंद. आता कुठे आईच्या खोबरेल तेलाला परवानगी मिळाली, तीही पातळ हातानं.

साल का निघते हे आज समजलं आणि जरा गंभीर झालो. अतिनील किरणांनी पेशींच्या डीएनएची मोडतोड होते. जास्त बिघडलेल्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं आणि तो थर सोलून फेकतं. सगळ्या बिघडलेल्या जातातच असं नाही. म्हणून वारंवार भाजणं वाईट.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)

सटाण्याला सासुरवाडी. आमरस, पुरणपोळी, अंगणात झोका. मेहुण्याची डाळिंबाची बाग आहे. जेवण झाल्यावर त्यानं माझी मान बघितली, बदामी-गुलाबी चट्टा, कडेला अजून पापुद्रे. म्हणाला, "दाजी, हे तर डाळिंबावर पडतं तसं पडलंय." आणि संध्याकाळी बागेत नेऊन दाखवलं. पश्चिमेच्या बाजूची, पानांबाहेर आलेली फळं. उन्हाकडची साल तपकिरी, कडक, बाकी फळ लालबुंद. उन्हाचा चट्टा पडला की भाव पडतो. म्हणून फळांवर कापडाच्या पिशव्या, झाडांवर नेट, कुणी पांढऱ्या केओलिन मातीची फवारणी करतं. एकेक फळ झाकणारा हा माणूस स्वतः अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, उघड्या डोक्यानं माझ्याबरोबर फिरत होता. मी काही बोललो नाही. माझ्या मानेकडे बघून तो आपणच पुढे म्हणाला, "बायकोनं सांगितलंय उपरणं घ्यायला, राहून जातं."

३ मे, शनिवार

दुसरा हात. या वेळी घड्याळाऐवजी सावली. आपली सावली आपल्यापेक्षा लांब आहे तोवर काम, आखूड झाली की खाली. सध्या सकाळी सव्वानऊच्या सुमाराला ती आपल्या उंचीएवढी होते, आणि परत लांब होते पावणेचारनंतर. विसाव्या मेच्या आसपास तर नाशिकला दुपारी ती पायाखाली नाहीशी होईल, तेव्हा गच्चीवर जायचं नाही.

चुना काल रात्रीच गाळून ठेवला होता. सव्वासहाला सुरुवात. घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कॉलर वर, कडेवाली टोपी, मानेला उपरणं. उघडं राहिलेलं तोंड, कान, हनुवटीखाली आणि हातांच्या पाठीवर सनस्क्रीन, निघायच्या वीस मिनिटं आधी, ३० एसपीएफचं. बोटभर घेतलं होतं, भाचीनं व्हिडिओ कॉलवर बघून आणखी तेवढंच घ्यायला लावलं. घाम आला की दोन तासांच्या आतच पुन्हा.

आधी भुगा झाडून कोब्यावर पाणी शिंपडलं, मग कुंचा. ९.१० ला उतरलो, एक कोपरा बाकी होता. तो कोपरा सोडून उतरणं मला जड गेलं, हे लॉगमध्ये असू द्या. संध्याकाळी पाचला पूर्ण केला. रात्री आणि रविवारी पहाटे झारीनं पाण्याचा शिडकावा.

४ मे, रविवार

दुपारी तीन : गच्ची ४३, खोलीतून छत ३५. तळहात फिरवला, हाताला जवळजवळ काही आलं नाही.

पाठ : खांद्यावर फोडांच्या जागी फिके ठिपके, बनियनच्या पट्ट्यांची खूण अजून स्पष्ट. नवी कातडी काही महिने झाकून ठेवायची आहे.

शिल्लक : चुनकळी ४ किलो, एक कुंचा धड, एक झिजलेला. कोरफडीच्या कुंडीत दोन पानं उरली आहेत. आईनं त्यांना हात लावायचा नाही असं सांगितलंय.